विहीर मोजली, पुढे काय?



दिवस उन्हाळ्याचे आहेत. घरच्या घागरी भरून ठेवून मगच आपण येथे आला असाल. तेव्हा पाण्यापासूनच आरंभ केलेला बरा.

आमचा विषय आहे शाळेतील मुलांचे गटप्रकल्प. १९९३ पासून आपल्या देशात राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातील एखादा प्रश्न घ्यावा, मिळून मोजमाप करावे, अनुमान काढावे आणि उपाय सुचवावा, ही तिची कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण पुष्कळ ठिकाणी घडते ते असे की, वही पूर्ण होते, तीवर शिक्का बसतो आणि ती कपाटात जाते. फारच उत्साह असला तर प्रभातफेरी निघते. 'पाणी वाचवा' अशी आरोळी देत मुले गल्लीतून जातात, आणि ती आरोळी दारात उभी राहून जी बाई ऐकते तिने पहाटेपासून हापशावर नंबर लावलेला असतो! पाणी कसे वाचवावे हे तिला शिकविण्याइतका मोठा विनोद दुसरा नसेल. प्रभातफेरीला आमचा विरोध नाही. ती कृती आहे असे म्हणण्याला आहे.

मग कृती कशाला म्हणावे? आपल्याच तालुक्याचे उदाहरण घेऊ. मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर आणि बिदरकडून तेलंगणात जाते, तेथे निजामसागराला मिळून पुढे आपल्या सीमेने वाहते आणि गोदावरीला भेटते. आपल्या काठाला तिची रेती प्रसिद्ध. रेती म्हणजे नदीची घागरच. कणाकणांच्या फटींत पाणी साठते आणि काठच्या विहिरींना पाझरते. आता समजा, काठच्या एखाद्या गावातील नववीच्या पाच मुलांनी प्रश्न घेतला की, 'आमच्या गावची नळाची विहीर शिमग्यानंतर का आटते?'

येथे मार्गदर्शकाचे पहिले काम लागते, आणि ते मुलांना थोडे आवरण्याचे आहे. मुले म्हणतील, गुरुजी, आपण रेतीचे ट्रक मोजू. तसे करू देऊ नये. ज्या जागी मोठी माणसे जपून पाऊल टाकतात तेथे पोरांना वही देऊन उभे करणे हे शिक्षण नव्हे. विहीर मोजावी. विहिरीचा राग कोणाला येत नाही.

साधन अगदी साधे: दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली दोरी, टोकाला वजन. कठडा धड असावा आणि गुरुजींनी जवळ उभे राहावे. रोज एकाच वेळी, मोटार सुरू होण्याआधी, पाणी किती खोल आहे ते लिहायचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही आपल्या राज्यात १९७२ पासून आहे. ती ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. चार वेळांत ऋतूंची चाल कळते. मुले तर रोजची मोजणी करतात, म्हणून जे सरकारी वहीत उतरत नाही ते त्यांच्या वहीत उतरू शकते. दुसरीकडे गावातील वृद्धांना विचारायचे: पूर्वी पाणी केव्हापर्यंत पुरे? आपल्या सीमेवरच्या गावांत काही आजीबाई याचे उत्तर तेलुगूत देतील. वर्गात मराठी वाचताना अडखळणारा, घरी तेलुगू बोलणारा मुलगा त्या दिवशी गटाचा पुढारी होतो. एवढ्यासाठीही असा प्रकल्प करण्यासारखा आहे.

समजा, दोन महिन्यांनी असे दिसले की, ज्या वेळी शेतीची वीज असते त्या वेळी गावची विहीर झपाट्याने खाली जाते आणि वीज गेली की हळूहळू सावरते. म्हणजे जवळपासची कोणती तरी बोअर तिचे पाणी ओढीत असावी. मुलांनी पावले टाकून अंतर मोजले आणि निघाले काय? सर्वांत जवळची बोअर गटातल्याच एका मुलीच्या वडिलांची!

हा प्रसंग आम्ही कल्पनेने उभा केला आहे. पण खेड्यात खरा प्रश्न हाती घेतला की असे काही तरी निघायचेच. सगळा कस येथेच लागतो. गुरुजींनी घाबरून वही मिटवावी, की मुलीच्या बापाचे नाव फळ्यावर लिहावे? दोन्ही वाटा वाईट. पहिलीने मुले एवढेच शिकतील की शोध सोयीचा असेल तोवरच करावा. दुसरीने ती गावच्या तटबाजीतील प्यादी होतील; आणि आपल्या गावांत तट किती लवकर पडतात हे आम्ही सांगायला नको.

तिसरी वाट आपल्या पूर्वजांनी दाखवून ठेवली आहे. आज आपण ज्या प्रकारच्या व्याख्यानमालेत बसलो आहोत तिची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली पाडली. त्याच रानड्यांचा आधार असलेली सार्वजनिक सभा १८७० ची. गणेश वासुदेव जोशी तिच्या कार्यामुळेच सार्वजनिक काका झाले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, भावांची, लोकांच्या हालांची माहिती मिळविली आणि ती सरकारपुढे मांडीत राहिली. दुष्काळी कामावरची मजुरी खाली आणली गेली तेव्हा सभेजवळ नुसता संताप नव्हता, माहिती होती. पुढे १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रेरणेने सभेच्या माणसांनी आणखी एक गोष्ट केली: दुष्काळाच्या सरकारी नियमांत काय लिहिले आहे ते रयतेला समजावून सांगितले.

आपल्या मुलांनाही हेच सांगावे. १९९३ च्या कायद्याने आपल्या राज्यात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले; २००९ च्या भूजल कायद्यानेही अशा विहिरींना संरक्षण दिले आहे. मुलांनी तो नियम सोप्या मराठीत, लागेल तेथे तेलुगूत, लिहावा. पाण्याच्या पातळीची आकृती मोठ्या कागदावर काढावी. तीत वेळ असावी, खोली असावी. कोणाचे नाव नसावे. मग १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचांच्या परवानगीने दहा मिनिटे मागावीत.

आणि मागणे आकड्यांच्या मापाचे असावे. दोन महिन्यांच्या दोरीने नदीचा सगळा न्याय होत नाही. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांपुरते, गावची टाकी भरण्याच्या वेळी जवळच्या बोअर बंद ठेवाव्यात, एवढे मागता येईल. ते कोणी करायचे आणि केव्हापासून, हे ठरावात आले पाहिजे.

त्या मुलीचे काय? ग्रामसभेच्या आधी तिने ती आकृती घरी न्यावी, वाटल्यास गुरुजींनी संध्याकाळी चहाला जावे. बापाला पहिल्यांदा सभेत कळू देऊ नये. तो काय म्हणेल हे आम्ही सांगू शकत नाही. कर्ज काढून बोअर घेतलेल्या माणसाला आपली बाजू असते, आणि तीही वहीत लिहिली गेली पाहिजे. मुलीला गटात राहणे जड वाटले तर तिला मोकळे करावे, कारण विचारू नये.

ठराव झाला तरी दोरी खुंटीला टांगू नये. बोअर खरोखर थांबल्या का, थांबल्या तर विहीर किती सावरली, हे पुन्हा मोजल्याशिवाय कळणार नाही. पण तोवर नववीचा वर्ग दहावीत गेलेला असतो, आणि दहावीच्या मुलाला विहिरीवर पाठवायला कोणते आईबाप राजी होतील? म्हणून आमची सूचना अशी की, पहिल्या दिवसापासून गटात आठवीची दोन मुले घ्यावीत. जूनमध्ये शाळा उघडली की वही आणि दोरी त्यांच्या हाती जावी.