पाय राखणे, पाय काढणे आणि त्यानंतरची दोन वर्षे
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील अस्थिरोग शल्यचिकित्सकांचे भाषण)



ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण ही लोकलच्या मार्गावरची गावे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाडीच्या दारातले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींनी प्राण गमावले. अशा अपघातांतून जो वाचतो, त्याचा पाय पुष्कळदा चिरडलेला असतो. नातलगांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘डॉक्टर, पाय वाचेल ना?’’

रक्तपुरवठा सुमारे सहा तासांत पूर्ववत झाला नाही, तर स्नायू मृत होऊ लागतात. अशा वेळी प्राणरक्षणासाठी पाय काढावा लागतो. रक्तवाहिनी शाबूत असल्यास विचाराला अवधी मिळतो. कोइमतूरच्या गंगा रुग्णालयाने २००६ साली त्यासाठी गुणपद्धती मांडली. त्वचा, हाड, स्नायू यांची इजा आणि रुग्णाचे इतर आजार यांना गुण द्यावयाचे. चौदापर्यंत पाय राखावा, सतरापासून पुढे काढणे हितावह; मधल्या गुणांत तारतम्य हवे.

अमेरिकेतील आठ केंद्रांतल्या ५६९ रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या दैनंदिन अडचणी जवळपास सारख्याच होत्या. कामावर परतले, तेही दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास. मात्र पाय राखलेल्यांपैकी ४७.६ टक्के, तर पाय काढलेल्यांपैकी ३३.९ टक्के रुग्णांना पुन्हा दाखल व्हावे लागले. ज्यांचे शिक्षण कमी, उत्पन्न तुटपुंजे, विमा नाही आणि पाठीशी माणसे नाहीत, त्यांचे हाल अधिक झाले. धूम्रपानानेही हानी केली.

म्हणून नातलगांना माझी विनंती आहे, की पाय काढण्याचा सल्ला म्हणजे उपचार संपले असे समजू नये. १९८१ साली पाय गमावलेल्या सुधा चंद्रन जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर नाचल्या. मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयवांची सोय आहे. पाय राखण्याचे ठरले, तर अनेक शस्त्रक्रिया आणि महिनोन्‌महिने बुडणारा रोजगार यांचा हिशेब आधीच मांडावा.

देणगीदारांनो, शस्त्रक्रियेसाठी आपला हात नेहमीच सढळ असतो. परंतु फिजिओथेरपी, झिजलेल्या कृत्रिम पायाची बदली आणि घरातला कर्ता अंथरुणावर असताना त्या घराला लागणारा आधार यांसाठी मदत क्वचितच येते. रुग्ण पुन्हा कामावर जाईल की नाही, हे बहुधा तिथेच ठरते. यंदाच्या दानाचा काही भाग पुनर्वसनासाठी राखून ठेवावा, एवढीच प्रार्थना.