पेशींचे वार्धक्य आणि पेशींचे अमरत्व

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरू येथे सर्जापूर रोडवर भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली आणि त्या आनंदासाठी शाळेपासून इतक्या दूर, सर्जापूर रोडवर आपण जमलो आहोत. पहिल्या रांगेत साठी ओलांडलेले आमचे ज्येष्ठ आहेत, मागे नोकरीधंद्यात गढलेली मधली पिढी आहे आणि कडेने नातवंडे धावत आहेत. वार्धक्याविषयी बोलायला याहून योग्य सभा मिळणे कठीण.

विषयाला निमित्त मात्र एका प्रश्नाचे झाले. रक्ताच्या नमुन्यावरून ‘पेशींचे खरे वय’ सांगणाऱ्या चाचण्या आणि पेशींना पुन्हा तरुण करण्याचे आश्वासन देणाऱ्या गोळ्या यांच्या जाहिराती आपण सारेच पाहतो. ‘टेलोमिअर’ हा शब्द त्यांत हटकून असतो. हे घ्यावे का, असे काही मित्रांनी विचारले. उत्तर एका शब्दात देता आले असते. पण कारण समजल्याशिवाय उत्तर मानू नये, हे तर आपल्याला शाळेनेच शिकवले आहे.

आपल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. प्रत्येकाला दोन टोके, म्हणजे एकूण ९२ टोके. या टोकांना टेलोमिअर म्हणतात. गुणसूत्राच्या मधल्या भागात शरीर घडवण्याच्या सूचना असतात. टोकाला मात्र सहा अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. शुद्धलेखन चुकले की गुरुजी एकच शब्द पानभर लिहायला लावत, तसा. पेशी दुभंगताना ही सारी वही नव्याने उतरवून घ्यावी लागते. परंतु उतरवणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटचा तुकडा उतरवता येत नाही. दर वेळी टोकाची काही अक्षरे गळतात. तेथे धडा नसतो, एकच शब्द गिरवलेला असतो, म्हणून काही बिघडत नाही. जन्मवेळी ही गिरवलेली पाने सुमारे दहा हजार अक्षरांची असतात आणि प्रत्येक विभाजनात साधारण ५० ते १०० अक्षरे कमी होतात. टोक फारच आखूड झाले की पेशी धोका ओळखते आणि विभाजन थांबवते.

या मर्यादेचा पुरावा १९६१ मध्ये फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दिला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी मानवी पेशी सुमारे चाळीस ते साठ वेळा दुभंगून थांबतात, असे त्यांना आढळले. टोके झिजणे हे त्याचे कारण असावे, असा तर्क १९७१ मध्ये मॉस्कोच्या अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह यांनी मांडला. पुढे एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी टेट्राहायमेना या डबक्यातील एकपेशीय जिवाच्या टोकांची अक्षरे वाचली आणि १९८४ च्या नाताळच्या दिवशी त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला झिजलेली टोके पुन्हा लिहिणाऱ्या विकराची पहिली खूण दिसली. हेच टेलोमरेज. या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सर्वांच्या मनात येणारा प्रश्न: झीज भरून काढणारे विकर जर आपल्याजवळ आहे, तर म्हातारपण का यावे? टेलोमरेजचे जनुक आपल्या प्रत्येक पेशीत आहे. जननपेशींत ते काम करते, म्हणून बाळाची वही पुन्हा भरलेली असते. रक्त, त्वचा यांचा नवा पुरवठा करणाऱ्या मूळ पेशींतही ते थोडे जागे असते. उरलेल्या बहुतांश पेशींत मात्र ते बंद केलेले असते. त्याचे मोठे कारण कर्करोगात दिसते. बिघडलेल्या एका पेशीची गाठ व्हायची, तर तिला अगणित वेळा दुभंगावे लागते. टोकांची झीज हा तिच्या वाटेतला अडसर आहे. तपासलेल्या मानवी कर्करोगांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्क्यांत टेलोमरेज पुन्हा सुरू झालेले आढळते. ज्याला आपण पेशीचे म्हातारपण म्हणतो, ते काही अंशी कर्करोगापासून संरक्षण मिळवण्यासाठी शरीराने मोजलेले मोल आहे.

येथे मला एका मराठी विदुषीचे स्मरण करावेसे वाटते. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ मध्ये पुण्यात झाला आणि शिक्षण हुजूरपागेत. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि पुढील अभ्यासासाठी त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हीच ती प्रयोगशाळा, जिथे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतील पेशी प्रथम अखंड वाढू लागल्या. ती नमुना घेण्याची परवानगी तिला विचारलीच नव्हती. त्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. तिच्या ‘हीला’ पेशी आजही जगभर वाढत आहेत. रणदिवे मुंबईला परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

हीला पेशी अमर का झाल्या, हे कळायला पुढे अनेक वर्षे लागली. मानवी पेशीतील टेलोमरेज १९८९ मध्ये प्रथम सापडले, ते हीला पेशींतच. त्या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचाही, म्हणजे एचपीव्हीचाही, अंश मिळाला. हाच विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण आहे, हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले. त्याचे एक प्रथिन पेशीतील बंद टेलोमरेज सुरू करते. म्हणजे बाहेरून आलेला एक विषाणू पेशीला अमरत्व देतो आणि त्या अमरत्वाने माणूस मरतो.

म्हणून मित्रांच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नको’ असे आहे. टेलोमरेज वाढवून निरोगी माणसाचे आयुष्य वाढते, असे सिद्ध करणारे औषध आज नाही. तसे औषध निघाले, तरी ते पेशींना कोणत्या वाटेवर नेईल, ही शंका राहीलच. चाचणीचे म्हणाल, तर एकाच वयाच्या निरोगी माणसांच्या टेलोमिअरच्या लांबीत मोठा फरक असतो. प्रयोगशाळेतील उंदराचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात, पण तो दोन-तीन वर्षेच जगतो. काही आनुवंशिक आजारांत टेलोमिअर जन्मतःच आखूड असतात आणि अस्थिमज्जा किंवा फुप्फुसे निकामी होतात. अशा कुटुंबांत ही चाचणी उपयोगी आहे; पण ती डॉक्टरांनी सांगावी, जाहिरातीने नव्हे.

मग करण्यासारखे काय आहे? त्याचे उत्तर आपल्या मराठवाड्यातच मिळाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केली, त्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगाने त्याची दखल घेतली. खेड्यातल्या, शेतमजुरी करणाऱ्या स्त्रियांनी विश्वास ठेवून तपासणीसाठी वेळ दिला, त्यातून हे ज्ञान मिळाले.

पालकहो, एचपीव्हीवरची लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लसही २०२३ पासून मिळू लागली आहे. ती ९ ते १४ या वयात, म्हणजे मुले शाळेत असतानाच, द्यायची असते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी लागतेच. आपल्या घरांत या विषयावर बोलण्याचा संकोच असतो, हे मी जाणतो. आईने तपासणी टाळायची आणि घराने ती आठवण करून द्यायची नाही, ही आपल्या सुशिक्षित घरांतलीही रीत आहे. तरुण दिसण्याच्या चाचणीला आपण पैसे देतो आणि या तपासणीला वेळ देत नाही, याचा विचार व्हावा. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपली आई, पत्नी, बहीण यांना एवढेच विचारावे: ‘तुमची तपासणी झाली का?’ आणि मुलीच्या लशीविषयी डॉक्टरांशी बोलण्याचा दिवस ठरवावा.

आपली प्रत्येकाची वही झिजणार आहे. त्यात खंत करण्यासारखे काही नाही. शाळा साठाव्या वर्षीही ताजी दिसते, कारण दर जून महिन्यात पहिलीच्या वर्गात नवी मुले येऊन बसतात. त्या मुलांना निरोगी आयुष्य लाभावे आणि त्यांच्या आया त्यांना मोठे झालेले पाहण्यासाठी असाव्यात, एवढीच या मंगल प्रसंगी प्रार्थना करतो.