होमरूल : बेळगावचे आणि बेलफास्टचे



माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा मी कामगार संघटकाच्या नजरेने बोलणार. ती एकांगी वाटली तर अध्यक्षांनी शेवटी माझा कान धरावा.

लोकमान्य आपल्या रत्नागिरीचे, त्यामुळे होमरूल हा शब्द येथे नवा नाही. परंतु तो मूळचा आयर्लंडचा. ब्रिटिश साम्राज्यात राहू, पण घरचा कारभार आमच्या हाती द्या, ही तेथील राष्ट्रवाद्यांची मागणी. ग्लॅडस्टनचे १८८६ चे बिल कॉमन्समध्ये पडले, १८९३ चे लॉर्डांनी पाडले, १९१२ साली तिसरे आले. आपल्याकडे ही कल्पना रुजविण्यात मोठा हात काका बॅप्टिस्टांचा. माझगावचे हे ख्रिस्ती बॅरिस्टर पुढे १९२१ मध्ये आयटकच्या झरियाच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, म्हणून आम्हा युनियनवाल्यांना ते घरचे वाटतात. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावास होमरूल लीग निघाली, तिचे अध्यक्ष काका व चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतः पद घेतले नाही.

नवल असे की, नेमक्या त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये होमरूल अपुरे म्हणणारे लोक शस्त्र घेऊन उठले होते. त्यांतला जेम्स कॉनोली आमच्याच धंद्यातला, युनियनचा पुढारी. जखमी होता, म्हणून खुर्चीला बांधून त्याला १२ मे रोजी गोळ्या घातल्या.

हे सारे आपण अभिमानाने सांगतो. मला आज बोलायचे आहे ते होमरूल नको म्हणणाऱ्यांविषयी.

आयर्लंडच्या ईशान्येस अल्स्टर प्रांत. तेथे प्रॉटेस्टंटांची दाट वस्ती, आणि बेलफास्टला जहाजांच्या गोद्या व कापडगिरण्या. डब्लिनला पार्लमेंट झाले की कॅथलिकांचे बहुमत होणार, म्हणजे आपल्यावर पाद्री राज्य करणार, हे त्यांचे भय. ‘होमरूल म्हणजे रोमरूल’ अशी घोषणाच होती. सप्टेंबर १९१२ मध्ये सव्वादोन लाखांहून अधिक पुरुषांनी विरोधाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या, आणि जवळजवळ तितक्याच स्त्रियांनी आपल्या वेगळ्या पत्रकावर. या भयाला जमीनदारांनी आणि कारखानदारांनी भरपूर वारा घातला, हे खरे. पण सह्या करणाऱ्यांत गोदीतला मजूरही होता. त्याच वर्षी जुलैमध्ये गोद्यांतून कॅथलिक कामगारांना मारून हाकलले, आणि त्यांची बाजू घेणाऱ्या शेकडो प्रॉटेस्टंट कामगारांनाही. पाचच वर्षांपूर्वी, १९०७ च्या गोदीसंपात, हे दोन्ही पंथ जेम्स लार्किनच्या मागे एकत्र उभे होते! संघटकाला हे वाचताना पोटात गोळा येतो.

आपल्याकडे असे भय कोणाला वाटलेच नाही काय? वाटले. १९१७ साली ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी उघड विचारले, इंग्रजाने सत्ता सोडली तर ती कोणाच्या हाती पडणार? जो आज कचेरीत, शाळेत आणि कोर्टात बसला आहे, त्याच्याच ना? १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसने मुसलमानांचे स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले, त्यात टिळकांचा पुढाकार होता. मग आम्हाला का नाही? शाहू महाराजांनी त्या मागणीला बळ दिले. होमरूलवाल्यांचे उत्तर बहुधा एकच असे : हे सरकारचे हस्तक. काही असतीलही, पण शिक्का मारल्याने प्रश्न सुटत नाही. मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या परिषदेत टिळक अस्पृश्यतेविरुद्ध कडाडून बोलले, पण स्वतः ती पाळणार नाही या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली नाही. १९०८ मध्ये याच टिळकांसाठी मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले होते. माझा त्यांच्याविषयी आदर आहे, म्हणूनच हे झाकून ठेवावेसे वाटत नाही.

आयर्लंडात १९२० च्या कायद्याने बेटाचे दोन तुकडे झाले. उत्तरेत दोन्ही गटांनी मिळून सरकार चालवावे हे ठरायला १९९८ उजाडले, आणि त्याआधी तीस वर्षे रक्त सांडले. आपल्याकडे १९१९ च्या कायद्याने मुंबई कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखल्या. अस्पृश्यांच्या वतीने तरुण आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तरी त्यांची नेमणुकीवरच बोळवण झाली. तोड अपुरी, पण भय निदान कागदावर मान्य झाले.

मी हे कोठे शिकलो ते सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही संप पुकारला. पॅकिंग खात्यातले कंत्राटी कामगार आत गेले. मी गेटसभेत त्यांना मालकाचे चमचे म्हटले, टाळ्याही पडल्या. संध्याकाळी त्यांतला एक जण चहाच्या टपरीवर भेटला. म्हणाला, “भाऊ, तुम्ही जिंकलात तर वाटाघाटीला कोण बसणार? तुमचे मशीनखात्यातलेच ना? मग आमचे काय?” मला उत्तर सुचले नाही. तो संप आम्ही हरलो. पुढच्या खेपेला कमिटीत दोन जागा पॅकिंगला दिल्या. एकीवर तोच आला. तो प्रत्येक बैठकीत माझ्याविरुद्ध मत देत असे, आणि दुसऱ्या संपात त्याच्या खात्यातले कोणीही आत गेले नाही.