ब्रोमिन: मोकळे झाले की जाळणारे

आपल्या नेहमीच्या तापमानाला द्रवरूप असणारी मूलद्रव्ये दोनच. एक पारा, दुसरे ब्रोमिन. पारा सगळ्यांना ठाऊक असतो. ब्रोमिनची ओळख मात्र बारावीच्या प्रयोगशाळेतल्या ब्रोमिन जलापाशीच थांबते.

खरे तर ते समुद्रात सगळीकडे आहे, लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम. तिथे ते ब्रोमाइडच्या रूपात असते आणि कुणाला इजा करत नाही. १८२६ मध्ये फ्रान्समधील माँपेलिएच्या आंत्वान बालार या तरुणाने मिठागरातल्या उरलेल्या पाण्यात क्लोरीन सोडला आणि ब्रोमिन मोकळे केले. क्लोरीन ब्रोमाइडचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतो, एवढीच ही क्रिया. कच्छच्या रणाकाठी मीठ काढून झाल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यातून आजही याच तत्त्वाने ब्रोमिन काढतात.

पण मोकळे झालेले ब्रोमिन स्वतःच इलेक्ट्रॉन शोधू लागते आणि धातू, लाकूड, कातडी, जे सापडेल त्याच्याकडून घेते. त्वचेवर सांडले तर खोल भाजते, आणि ती जखम फार हळू भरते.

ते ५९ अंश सेल्सिअसला उकळते, पण वाफ त्याआधीच सुटत असते. बूच काढताच तांबूस वाफ काठावरून खाली ओघळते, कारण ती हवेच्या पाचपटीहून जड आहे. मला यातली सर्वांत घातक गोष्ट हीच वाटते. गळती झाली की वाफ जमिनीलगत, खड्ड्यांत, तळघरात साचते. घाबरून खाली बसणारा माणूस नेमका तिच्यात सापडतो. २०११ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्कला रेल्वेच्या डब्यात ब्रोमिनच्या बाटल्या फुटल्या आणि वस्तीवर तपकिरी ढग पसरला. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा वेळी वारा येतो त्या दिशेला, उंचावर जावे. वाफ छातीत गेली असेल, तर बरे वाटत असले तरी डॉक्टरांकडे जाच. फुफ्फुसांत पाणी काही तासांनीही भरू शकते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बाटली धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच उघडा. पातळ रबरी हातमोज्यांवर विसंबू नका. सोडियम थायोसल्फेटचे द्रावण आधीच तयार ठेवा. सांडलेले ब्रोमिन त्याने निकामी होते. अंगावर उडाले तर मात्र कपडे ताबडतोब उतरवा आणि निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली उभे राहा.