यादीत नाव आहे ना?

नाशिकच्या इंदिरानगरहून पंचवटी फार लांब नाही. तिथल्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. नाशिकचे दादासाहेब गायकवाड तो पुढे लढवत राहिले. मागणी मंदिरप्रवेशाची होती, पण झगडा बरोबरीच्या हक्काचा होता. मताच्या हक्काची लढाई बाबासाहेबांनी आधीच आरंभली होती, १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन. तेव्हा मत मिळे ते मालमत्ता, कर पाहून. म्हणजे गरिबाला नाहीच! राज्यघटनेच्या कलम ३२६ ने ही अट मोडली. अमेरिकेत मात्र कृष्णवर्णीयांना मतदानापासून अडवणाऱ्या युक्त्यांविरुद्धचा कायदा १९६५ साली, सेल्मा शहरातल्या मतहक्काच्या मोर्चांनंतर आला.

आपल्याकडे आज अडचण होते ती बहुधा मतदार यादीत. घर बदललं, पत्ता जुनाच राहिला. आणि नुसतं ओळखपत्र असून भागत नाही, यादीत नाव लागतं. नव्या नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. अठरा पूर्ण झालेल्यांना आता वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे वय मोजण्याचे दिवस, मिळतात. शंका असल्यास १९५० वर फोन करा. आणि हो, शेजारच्या आजींचं नावही तपासा.