देवाची राई आणि राईतला देव

(देशी वनसंपदा आणि शाश्वत विकास या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘शाश्वत विकास’ हा शब्द जगाच्या व्यासपीठावर रूढ झाला तो १९८७ साली, ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, असा त्याचा आशय. व्याख्या उत्तम आहे. परंतु ती पाळायची कशाच्या बळावर, याचे उत्तर अहवालात सापडत नाही. ते शोधायचे तर सह्याद्रीतल्या एखाद्या देवराईत जावे लागते.

देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान. काळकाई, वाघजाई, जोगेश्वरी, भैरी अशा देवतांच्या या राया. कुऱ्हाड तर दूरच, पडलेली वाळकी फांदीही घरच्या चुलीत घालायची नाही, असा अनेक गावांचा दंडक होता. हा नियम ना कोणत्या सरकारने केला, ना त्यासाठी पहारेकरी नेमला. आधुनिकांनी त्याला अंधश्रद्धा म्हणून हिणवले.

मात्र विज्ञानाने या रायांकडे गांभीर्याने पाहिले, तेव्हा चित्र वेगळे दिसले. डॉ. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आसपासच्या डोंगरांवरून नामशेष झालेल्या वृक्षवेली या रायांमध्ये तग धरून होत्या. याच अभ्यासाच्या काळात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या ग्रामस्थांनी त्यांना साद घातली. गावची देवराई तोडली जाणार, अशी भीती निर्माण झाली होती. राई गेली तर ओढा आटेल, हे गावाला कोणत्याही ग्रंथाविना ठाऊक होते. राई वाचली. श्रद्धेच्या पोटात पिढ्यान्पिढ्यांचे निरीक्षण दडलेले असते, ते असे.

आपल्या वनस्पतींचे मोल आपल्याआधी परक्यांना कळते, हेही वारंवार घडले आहे. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. त्या विजयाचा अभिमान सार्थच आहे. पण नरक्याचे काय झाले? घाटमाथ्यावरच्या रानात वाढणारा हा लहानसा वृक्ष, फुलांना उग्र दुर्गंधी, म्हणून हे नाव. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते आणि त्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात. मागणी वाढताच झाडे मुळासकट तोडून, तुकडे करून पोत्यांत भरून नेली गेली. तोडणारे हात आपल्याच माणसांचे होते. पेटंटची लढाई न्यायालयात जिंकता येते, रानातली लढाई रानातच द्यावी लागते.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी २२ ते २५ एप्रिल १९६५ या चार दिवसांत मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले. निसर्गाची झीज तो स्वतः भरून काढू शकेल इतकेच त्याच्याकडून घ्यावे, हा त्यातला एक महत्त्वाचा विचार. ‘शोषण नव्हे, दोहन’ हे सूत्र आपल्याला मुखोद्गत आहे. गाय दूध देते ते वासराचा वाटा राखून. वासरू उपाशी ठेवणारा गवळी फार काळ गवळी राहत नाही.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. आज देवरायांवर कुऱ्हाड चालवणारा प्रत्येक वेळी कोणी परका किंवा नास्तिक असत नाही. कोकणातल्या कित्येक राया जीर्णोद्धाराने पोखरल्या आहेत. देवतेचा पाषाण पूर्वी मोकळ्या आकाशाखाली असे. आता मुंबईच्या चाकरमान्यांकडून वर्गणी येते, सिमेंटचा सभामंडप उभा राहतो, फरशी येते, गाड्यांसाठी रस्ता येतो आणि खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी राईतलीच जुनी झाडे विकली जातात. देवीला घर मिळाले, पण तिचे रान गेले. याला धर्मकार्य म्हणायचे का, हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारला तर आपल्याला राग येतो. म्हणून तो आपणच विचारलेला बरा. वटपौर्णिमेला वडाकडे जायचे असते, वडाची फांदी तोडून घरी आणायची नसते. गणेशपूजेतील आघाडा, माका, डोरली, शमी ही पत्री ओळखून, स्वतः खुडून आणावी, हाच त्या विधीचा अर्धा अर्थ होता. बाजारातून जुडी आणणाऱ्याला त्यातले पान कोणत्या झाडाचे, हे क्वचितच सांगता येते.

वृक्षारोपणाचीही तीच कथा. उजाड डोंगर लवकर हिरवे दिसावेत म्हणून मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प आणि सुबाभूळ, ऑस्ट्रेलियातली बाभूळ आणि निलगिरी सर्रास लावली गेली. गिरिपुष्पाला आपल्याकडे ‘उंदीरमारी’ म्हणतात, यातच सारे आले. हिरवा रंग म्हणजे वन नव्हे. ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर यांच्याभोवती पक्षी, कीटक, वेली असा सारा संसार नांदतो. परक्या झाडाशी त्या संसाराची सोयरीक जुळायला युगे लागतात.

कायद्याचे साधन हाती आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अनेक ठिकाणी ही नोंदवही कपाटात पडून असते. शाखेतल्या चार तरुणांनी ती मागून घेऊन, गावच्या वैदू, गुराखी आणि वयस्क स्त्रियांसह राईत फिरून पडताळून पाहिली, तर ती खरी नोंदवही होईल.

आणि रोपे? ती फार दूर शोधायला नकोत. उन्हाळ्यात हिरड्या-बेहड्याची फळे झाडाखाली पडलेली मिळतात. राईबाहेरच्या झाडांखालची वेचावीत. जांभळाची बी मात्र साठवून चालत नाही, तिची उगवण्याची शक्ती लवकर जाते. जूनमध्ये फळ खाल्ले की त्याच आठवड्यात ती मातीच्या पिशवीत लावावी.