घासून न जाणारे डाग



आमच्या केंद्रावर १९ वर्षांची एक मुलगी आली होती. मानेवर, पाठीवर, छातीच्या मधोमध तपकिरी, खरखरीत चट्टे. ‘अंग नीट घासत नाहीस,’ म्हणून आई रोज बोलायची. पोरगी कातडं सोलवटेपर्यंत घासायची. स्थळं येऊ लागली, तशी बंद गळ्याचेच कपडे घालू लागली. बुरशी समजून दोन वर्षं मलमं लावून झाली होती.

तो मळ नव्हता. गूजेरो आणि कार्तो या फ्रेंच डॉक्टरांनी १९२७ मध्ये वर्णन केलेला हा दुर्मिळ त्वचाविकार. चट्टे मध्यभागी एकमेकांत मिसळतात, कडेला जाळीसारखे दिसतात. तो शिवल्याने पसरत नाही. बुरशीच्या मलमांनी सहसा हटत नाही. पण मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे पोटात घेतलं, की बहुतेकींचे डाग जातात. पुन्हा आले तर पुन्हा उपचार करता येतो.

मात्र हे औषध गरोदरपणात देत नाहीत. बाळाच्या दातांवर, हाडांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी ‘पाळी कधी आली होती?’ हे विचारायलाच हवं. आणि आई किंवा सासू शेजारी बसलेली असताना मुलगी खरं कसं सांगणार? दिवस गेले असतील तर डॉक्टर दुसरं औषध निवडू शकतात, पण त्यांना ते कळायला तर हवं.

तेव्हा सोबत जरूर जाऊ या, पण तपासणीच्या वेळी दाराबाहेर थांबू या. आणि घरी अंगावर डाग दिसला, तर मुलीला बोल लावण्याआधी डॉक्टरांना दाखवू या.